आईच्या उजव्या हाताला

"तो खड्डा आज रिकामाच राहणार ना, ताई?"

पास्टर युवराजने कप बशीत ठेवता ठेवता विचारलं. आवाज नेहमीचाच होता, रविवारी गीताचा क्रमांक सांगतो तसा. प्रगतीने मागे वळून बघितलं. हॉलच्या मधोमध काचेच्या झाकणाच्या फ्रीजरपेटीत पप्पा होते. पेटीची मोटर मधूनमधून थरथरत सुरू व्हायची, आणि तिच्या वायरला कुणी अडखळू नये म्हणून कुणीतरी वर पायपुसणं टाकलं होतं. मोहनराव, वय अठ्ठ्याहत्तर, एसटीतले निवृत्त कंडक्टर, बारामतीच्या त्या लहानशा मंडळीतले सगळ्यात जुने सभासद, काल मंगळवारी सकाळी दाढी करता करता बेसिनवर वाकले ते सरळ झालेच नाहीत. एका गालावर साबण तसाच राहिला होता. तो प्रगतीने पुसला. पुसताना तिला प्रश्न पडला, उरलेली अर्धी दाढी करायची की तशीच राहू द्यायची. कॉलेजच्या ग्रंथालयात एकवीस वर्षं काढून तिने जे काही वाचलं होतं त्यात याचं उत्तर नव्हतं, आणि पुस्तकांखेरीज कुणाला काही विचारायची तिला सवय राहिली नव्हती. शेवटी तिने दाढी केली. थंड गालावरून ब्लेड फार सरळ चालतं, कातडी मध्ये येत नाही. रडू तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. ब्लेड धुऊन तिने कागदात गुंडाळलं आणि कचऱ्यात टाकलं, कारण ते आता कुणालाच लागणार नव्हतं.

दफन आज बुधवारी चार वाजता ठरलं होतं. पण मस्कतहून निघणाऱ्या तिच्या धाकट्या भावाचं, अविराजचं विमान धुळीच्या वादळामुळे सुटलंच नाही. त्याने फोनवर रडत रडत सांगितलं, ताई, मी आल्याशिवाय नेऊ नका. म्हणून पेटी आणखी एक दिवस भाड्याने ठेवली आणि दफन उद्या अकरावर गेलं. खड्डा मात्र कबरी खोदणाऱ्या आप्पाने आज सकाळीच खोदून ठेवला होता. तो रिकामा राहणार होता, हे खरंच होतं.

"अंथुर्ण्याच्या पुढं वस्तीवरची एक बाई आहे, छबूबाई," युवराज सांगू लागला. "ती आणि तिचा नवरा महिपती, दोन वर्षं आपल्या प्रार्थनेला येतायत. नवरा काल दुपारी गेला, झोपेतच. भावकी म्हणते, जाळणार असाल तर आम्ही सगळे येतो, पुरणार असाल तर सामाईक रानात पाय ठेवू देणार नाही. रात्रभर त्यांनी हातापाया पडून बघितलं. सकाळी टेम्पो करून इकडे आणलंय. चर्चच्या आवारात लिंबाखाली उभा आहे टेम्पो. बर्फाच्या लाद्या टाकल्यात, पण ऊन बघताय ना तुम्ही. आता थांबण्यासारखं नाही, ताई."

"दुसरा खड्डा?"

"आप्पाला विचारलं. कालव्याच्या बाजूला माती मऊ आहे, पण कालव्याला आवर्तन सुटलंय, दोन फुटांवर पाणी लागतं. वरच्या अंगाला सगळा मुरूम. घण घालून फोडावा लागतो. उद्या सकाळी दहापर्यंत कसाबसा होईल म्हणतो. तो मग..." युवराज थांबला. पेटीकडे बघायचं टाळून तो पायपुसण्याकडे बघत होता. "तो मग काकांसाठी होईल. कुंपणाजवळ, वरच्या रांगेत."

म्हणजे आईजवळ नाही, हे त्याने म्हटलं नाही. ते म्हणायची गरज नव्हती. त्या दफनभूमीत नवराबायकोंना वेदीपुढे लग्नाला उभे राहतात तसंच निजवायची रीत होती. नवऱ्याच्या डाव्या हाताला बायको. जो आधी जाईल त्याच्या शेजारची जागा मोकळी सोडायची, तिच्या चार कोपऱ्यांना चार दगड रोवायचे, आणि त्या दगडांच्या आत मंडळीतल्या कुणीही पाय ठेवायचा नाही. आईच्या, म्हणजे बनाबाईच्या उजव्या हाताची जागा आठ वर्षं अशी राखून ठेवलेली होती. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी पप्पा चुन्याचा डबा घेऊन जायचे, चारी दगड रंगवायचे, आणि येताना भेटेल त्याला सांगायचे, "आपली सीट रिझर्व्ह करून आलो. खिडकीची." ऐकणारे हसायचे. प्रगतीला वाटायचं, आईला कुणी विचारलंय का, की तिच्या शेजारच्या सीटवर कोण बसणार.

युवराज पुढे झुकला. चौतिशीतला माणूस, रात्रभर जागलेला. त्याच्या शर्टावर डाव्या खांद्याला ओला डाग होता, बहुतेक त्या बर्फाचा.

"मोहनकाकांनी काय केलं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं, किंवा हेच एक वाक्य बोलायला हवं होतं. प्रगतीच्या आत काहीतरी अगदी स्वच्छपणे उघडलं. काल सकाळपासून तिच्याभोवती जी एक ओली, जड गोष्ट होती, जिला बाकीचे लोक दुःख म्हणत होते, ती बाजूला सरली आणि तिला मागचं सगळं लख्ख दिसलं. पप्पांनी काय केलं असतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पप्पांनी दिलं असतं. पप्पा नेहमीच द्यायचे.

बारामती–इंदापूर गाडीवर पप्पांनी तीस वर्षं तिकिटं फाडली, आणि त्या गाडीत जे जे कुणी रडलं ते सगळे कधी ना कधी त्यांच्या घरी जेवून गेले. नवऱ्याने हाकललेल्या बाया, दवाखान्यातून पैसे संपले म्हणून बाहेर काढलेले म्हातारे, एकदा तर नरसिंहपूरहून चुकून भलत्याच गाडीत बसलेला एक खुळा माणूस, जो त्यांच्या पुढच्या खोलीत नऊ दिवस राहिला आणि प्रगतीच्या दहावीच्या वह्यांवर कोळशाने गोल काढत बसला. पप्पांना शास्त्रातली एक गोष्ट फार आवडायची. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं, येशूच्याच नातलगाचं, डोकं उडवल्याची बातमी येते, ती ऐकून येशू एकटाच होडीत बसून कुठेतरी निवांत जागी जायला निघतो, आणि पलीकडच्या किनाऱ्याला उतरून बघतो तर लोक आधीच येऊन उभे. त्याला त्यांचा कळवळा येतो. तो त्यांचे आजारी बरे करतो, त्यांना जेवू घालतो. पप्पा ती गोष्ट सांगताना 'बघ' म्हणायचे. "बघ, मेलेलं माणूस त्याचंच होतं. रडायचा हक्क त्याचा होता. पण तो आधी त्यांचं बघतो." आठ वर्षांची प्रगती विचारायची, मग तो रडला कधी? पप्पांना हा प्रश्न आवडत नसे. लोकांना पाठवून दिल्यावर तो डोंगरावर एकटा गेला ना, तेव्हा रडला असेल, असं ते एकदा म्हणाले होते. पुढे तिने पप्पांची खूप वर्षं वाट बघितली. ते डोंगरावर कधी गेले नाहीत. त्यांच्या किनाऱ्यावरचे लोक कधी संपलेच नाहीत.

आणि ती सारफथची विधवा. मूठभर पीठ, चमचाभर तेल, दोन काड्या गोळा करून ती स्वतःची आणि मुलाची शेवटची भाकरी करायला निघालेली, आणि एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी मला कर. ती करते. पिठाचं मडकं मग रिकामं होत नाही, वगैरे. ते सगळं नंतर. पण ज्या क्षणी ती पहिली भाकरी परक्या माणसापुढे ठेवते त्या क्षणी मडक्याचं काय होणार आहे हे कुणाला ठाऊक असतं? तो मुलगा तिथेच बसलेला असणार, भाकरीकडे बघत. तो काय म्हणाला ते लिहिलेलं नाही. प्रगतीने पुढे मोठेपणी बरीच भाष्यं चाळली. त्या मुलाला त्या घटकेला काय वाटलं, यावर कुणी एक ओळ खर्ची घातली नव्हती.

आईच्या मणक्यात कॅन्सर उतरला तेव्हा अविराजने पुण्याहून हवेची गादी आणली होती. मोटरवर चालणारी, जिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणजे पाठीला एकाच जागी भार येत नाही. त्या गादीवर आई पहिल्यांदा चार तास सलग झोपली. उठल्यावर म्हणाली, "कुणीतरी खालून धरतंय असं वाटतं गं." तिसऱ्या आठवड्यात पप्पा इंदापूरला कुणाला तरी भेटायला गेले आणि येताना गाडीत त्यांना एक बाई रडताना दिसली. तिचा मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता, कंबरेखाली काही हलत नव्हतं, आणि पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या. पप्पा घरी आले, आईच्या उशाशी बसले, म्हणाले, "बना, दोनच दिवस. त्याच्या गादीची सोय होईपर्यंत. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे गं." प्रगती दारात उभी होती. आईने पप्पांकडे बघितलं. मग तिने मान हलवली. ती मान हलवण्याआधी आईने आपला उजवा तळवा गादीवर पसरला होता आणि एकदा फिरवला होता, दुकानात कापड परत करताना बायका फिरवतात तसा. तो हात पप्पांना दिसला नाही. त्यांना मान दिसली.

दोन दिवसांचे अकरा दिवस झाले. पाचव्या दिवशी आईच्या माकडहाडावरची कातडी फाटली. सातव्या दिवशी आत पांढरं दिसायला लागलं. प्रगती रजा टाकून ड्रेसिंग करायची, आणि आई ओरडायची नाही, फक्त उशीचा कोपरा तोंडात धरायची. बाराव्या दिवशी गादी परत आली तेव्हा तिला डेटॉलचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाचा वास होता, आणि आईला तिच्यावर उचलून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता. तीन आठवड्यांनी ती गेली. कॅन्सरने गेली, गादीने नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि प्रगतीलाही ते मान्य होतं. पण पप्पा पुढची आठ वर्षं त्याची साक्ष देत राहिले. मंडळीसमोर उभे राहायचे, डोळे पुसायचे, आणि सांगायचे, माझी बायको मरणाच्या दारात होती आणि मी तिला विचारलं, आणि तिने मान हलवली. मंडळी आमेन म्हणायची. प्रगती तिसऱ्या बाकावर बसून समोरच्या बाईच्या अंबाड्यातल्या पिना मोजायची.

तो मुलगा, शिवम, जगला. नुसता जगला नाही, चालायला लागला. आज सकाळीच तो येऊन गेला होता. सत्तावीस वर्षांचा, किंचित फेंगडा चालणारा, स्वतःचं कृषी-औषधांचं दुकान असलेला. पेटीच्या काचेवर दोन्ही तळवे टेकवून तो हुंदके देऊन रडला. "ताई, मोहनकाका नसते तर मी खाटेवरच कुजलो असतो." प्रगतीने त्याला चहा दिला. तो पीत असताना ती त्याच्या पायांकडे बघत होती. चांगले पाय होते. गुडघ्यात वाकत होते, खुर्चीखाली एकमेकांवर ठेवता येत होते. तिला त्या पायांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आठ वर्षं तो एकाच माणसाच्या नावाने साठला होता आणि त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं.

"द्या," प्रगती म्हणाली.

युवराजने डोळे मिटले. त्याच्या ओठांवर प्रार्थना सुरू झाल्याचं दिसत होतं. "ताई, तुम्हाला कळतंय ना, मी काय मागतोय ते? अविराजना विचारायचं असेल तर..."

"अविराज विमानतळावर बसलाय. त्याला काय विचारायचं? द्या ती जागा."

"प्रभू तुमचं हे..." त्याचा आवाज फुटला. "काकांचंच रक्त आहे हे. रविवारी मी मंडळीला सांगणार आहे."

"सांगू नका," ती म्हणाली. "मी सांगते तेवढं ऐका, कुणालाही सांगू नका." त्याला तो विनय वाटला, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो गेल्यावर ती पेटीजवळ आली. काचेवर आतून दव धरलं होतं, त्याच्यामागे पप्पांची हनुवटी, तिने केलेली गुळगुळीत दाढी. तुमची सीट मी देऊन टाकली, ती मनात म्हणाली. एक माणूस रडत होतं, म्हणून दिली. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही मान हलवलीच असती. मोटर थरथरून सुरू झाली. तिला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय हे तिने नीट पारखून बघितलं, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक वेळी ते तसंच सापडलं.

पाच वाजता ती स्वतः दफनभूमीत गेली. जायची गरज नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरात मयत असताना दुसऱ्या मयताला जात नसतात. ती रिक्षा करून गेली. ऊन अजून खाली आलं नव्हतं. आप्पा खड्ड्याच्या कडेला फावड्यावर रेलून उभा होता, बनियनला मुरमाची लाल धूळ. मंडळीतले पाच-सहा पुरुष, युवराज, आणि टेम्पोचा ड्रायव्हर, जो पेटी उतरवताना नाकावर रुमाल बांधून होता. वास येत होता. रुमालातून, अगरबत्तीतून, पेटीच्या फळ्यांच्या फटींतून तो सगळ्यांपर्यंत आला होता आणि कुणी तसं दाखवत नव्हतं. छबूबाई बुटकी, पन्नाशीची, काळीसावळी, डोक्यावरचा पदर दातात धरलेली. खुरपणीने बोटांची पेरं जाड झालेली. ती रडत नव्हती. रात्रीच संपलं असावं.

पेटी खाली गेली. आईच्या कबरीला घासून गेली, इतकं जवळ होतं. प्रगतीने आईच्या दगडावरची नावाची अक्षरं बघितली, मग ती मोकळी पडलेली जागा भरताना बघितली. तिला वाटलं होतं, आतून काहीतरी म्हणेल, आई, बघ, तुला आता कुणासाठी मान हलवायला नको. तसं काही म्हटलं गेलं नाही. एक अनोळखी माणूस तिच्या आईच्या शेजारी निजला होता आणि त्याचा वास येत होता.

माती पडली. युवराजने प्रार्थना संपवली. मग छबूबाईने पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं, एखाद्या नव्या घरात आल्यासारखं, कुठे काय आहे ते लक्षात ठेवत.

"ही कोण हाय हितं?" तिने आईच्या दगडाकडे बोट केलं.

"या ताईंची आई," युवराज म्हणाला.

"आन तिचं माणूस?"

युवराजने प्रगतीकडे बघितलं. "त्यांची ही जागा होती. ताईंनी तुमच्यासाठी सोडली."

छबूबाईने नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथे फरशीची वाट होती, दफनभूमीच्या दारापर्यंत जाणारी, तीन माणसं एकावेळी जातील एवढी. तिने ती वाट पायाने चाचपली. फरशी पक्की होती.

"मग मला कुठं?"

आप्पाने फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"न्हाय, म्हंजी मी मेल्यावर," ती म्हणाली, अगदी समजावून सांगितल्यासारखी. "तुमीच म्हणला व्हता ना पास्टरसायेब, हितं नवराबायकू शेजारी असत्यात म्हणून. येका बाजूला ह्या बाई. येका बाजूला वाट. मग मी कुठं यिऊ?"

"छबूबाई, ते नंतर बघू. आज..."

"नंतर काय बघायचं. ही काय सरकायची हाय का?" तिने आईच्या दगडाकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "परक्या बाईच्या अंगाला अंग लावून झोपवलं व्हय माझं माणूस." आणि मग, आपण काय बोललो ते उमजून, तिने प्रगतीपुढे हात जोडले. "रागावू नगा ताई. लई उपकार झालं. त्ये सकाळपासनं... तुमी बघितलं न्हाय, त्येच्या तोंडातनं पाणी येत व्हतं. पुसून पुसून माझा पदर..." ती थांबली. "लई उपकार."

प्रगतीने काहीतरी म्हटलं. रिक्षात बसल्यावर तिला ते आठवेना. तिच्या ध्यानात येत होतं ते एवढंच, की तिने पप्पांची जागा दिली असं तिला वाटत होतं, पण ती नुसती पप्पांची नव्हती. आईच्या अंगाला लागून कोण निजेल हेही तिने ठरवलं होतं, आईला न विचारता, पास्टरच्या एका वाक्यावर, एका चहाच्या वेळात. आणि छबूबाई मेल्यावर कुठे जाईल हेही. दोन दिवस म्हणून नेलेली गादी निदान बाराव्या दिवशी परत आली होती. रिक्षावाला आरशातून तिच्याकडे बघत होता. तिच्या लक्षात आलं, ती उजवा तळवा सीटच्या रेक्झिनवर फिरवत होती.

गुरुवारी सकाळी अविराज आला. विमानतळावरून थेट, दाढी वाढलेली, हातात अजून बोर्डिंग पास. तो पेटीवर पडून रडला आणि त्याला रडता येतंय याचा तिला हेवा वाटला. मग तोंड धुऊन तो बाहेर आला आणि युवराजने त्याला जागेचं सांगितलं. प्रगतीने सांगायला हवं होतं, पण तिने युवराजला सांगू दिलं.

"आईशेजारी नाही?" अविराज तिच्याकडे वळला. "ताई, ते आठ वर्षं... दर ईस्टरला मला व्हिडिओ कॉल करून ते दगड दाखवायचे गं. वेडे होते त्यांच्यामागे."

"मला माहिती आहे."

"मग?"

"एक बाई रडत होती," प्रगती म्हणाली.

अविराजचा चेहरा हळूहळू बदलला, मऊ झाला, आणि त्याने तिला जवळ घेतलं. "तू अगदी पप्पांवर गेलीस," तो तिच्या केसांत म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे उघडेच ठेवले.

वरच्या रांगेला खड्डा पुरता झालेला नव्हता. आप्पा पहाटेपासून घण घालत होता, तरी कडा वेड्यावाकड्या, आणि बाजूला निघालेला ढीग मातीचा नव्हताच, मुठीएवढ्या, नारळाएवढ्या मुरमाच्या ढेकळांचा होता. खालच्या अंगाला, सात रांगा ओलांडून, आईचा दगड दिसत होता आणि त्याच्या शेजारी महिपतीची कालची ताजी माती. मंडळी बरीच आली होती. एसटीतले जुने लोक आले होते, शिवम आला होता. आणि कुंपणाच्या सावलीला, पदर दातात धरून, छबूबाई.

प्रगती तिच्याकडे गेली. "तुम्ही कशाला आलात? कालच तर तुमचं..."

"सातच्या यष्टीनं आले. घरात बसून काय करू? भावकीतलं कुणी दारात यीना. त्येंची वाकाळ तशीच पडल्याली हाय, ती बघत बसू का?" तिने प्रगतीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुमचं माणूस आज जायचं म्हणलं. माणसं कमी पडाया नकोत. माझ्या टायमाला पाठीमागं आठ जण व्हते, आन त्यातली तुमी येक."

हे सहन होण्यासारखं नव्हतं. प्रगतीला वाटलं, ही आता रडेल, मला धरेल, मी काल जे केलं त्यावर आपल्या जाड बोटांचा शिक्का मारेल, आणि मग ते कायमचं चांगलं होऊन बसेल, साक्षीत सांगण्यासारखं. तिने ते मोडायचं ठरवलं. आवाज खाली ठेवून, स्पष्ट शब्दांत.

"छबूबाई, ती जागा मी तुमच्यासाठी नाही दिली. माझा बापावर राग होता. त्याला आईजवळ जाऊ द्यायचं नव्हतं मला. तुमचा नवरा मधे आला, इतकंच."

छबूबाईने घसरलेला पदर पुन्हा दातात धरला.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"काल त्येच्यावर माती पडत व्हती तवा तुमी त्येच्याकडं बघतच नव्हता. आईच्या दगडाकडं बघत व्हता, भांडताना बघत्यात तसं." तिने पदर तोंडातून काढला. "पर ताई, माझं माणूस नासत चाललं व्हतं वो. तुमी रागानं दिली का लोभानं दिली, मी काय करू त्येचं? माझ्यापुढं कशाला मांडताय? माझ्याकडं कुठं जागा हाय ठिवायला?"

ती प्रगतीला वळसा घालून खड्ड्याकडे निघाली.

पेटी दोरांवरून खाली सोडली गेली. युवराजने वाचलं, प्रार्थना केली, मंडळीने गीत धरलं. मग माती द्यायची वेळ आली. आधी मुलांनी, मग नातेवाईकांनी, मग सगळ्यांनी ओळीने. अविराज वाकला, त्याला एक लहान ढेकूळ मिळालं, ते त्याने टाकलं. खालच्या फळीवर ठक्क असा आवाज झाला आणि तो दचकला. प्रगती पुढे आली. तिने मुठीएवढं ढेकूळ उचललं आणि सरळ हाताने सोडलं. आवाज मोठा झाला. पोकळ, लाकडी, दारावर कुणी थाप मारावी तसा. गीत म्हणणारे दोघंतिघं क्षणभर अडखळले. तिला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. ही इच्छा तिला स्वतःच्या आत इतकी साधी, तहानेसारखी सापडली, की तिने दुसरं ढेकूळ उचललंसुद्धा.

तिच्या मनगटावर हात पडला.

"दगुड हाय त्यो," छबूबाई हळूच म्हणाली. "माती न्हाय."

ती ढिगाजवळ फतकल मारून बसली, जशी बाई कामाला बसते. एक ढेकूळ दुसऱ्यावर आपटून तिने फोडलं, तळव्यात घेऊन चोळलं, पुन्हा चोळलं, आणि त्याची भुकटी झाल्यावर खड्ड्याच्या कडेवरून हात खाली नेऊन ती सोडली. काहीच वाजलं नाही. तिने दुसरं घेतलं. परवा विधवा झालेली ही बाई एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी मुरूम चोळत होती, आणि तिच्या तोंडावर दया वगैरे काही नव्हतं. शेतातलं काम करतानाचं तोंड होतं ते. बोटांच्या पेरांतून रक्ताची लाल रेषा निघाली तशी तिने ती लुगड्याला पुसली आणि तिसरं घेतलं.

प्रगती उभी होती. तिच्या हातात ते दुसरं ढेकूळ होतं. ते टाकता येत होतं, खाली ठेवता येत होतं. तिने दोन्ही तळव्यांत धरून ते दाबलं. मुरूम फुटला नाही. तिने आणखी जोर लावला, दात आवळले, खांद्यातून, पाठीतून सगळा जोर आणला. कडा तळहातात रुतत होत्या. मागे माती द्यायला आलेल्यांची रांग थांबली होती, अविराज तिच्याकडे बघत होता, युवराजने गीताचं संपलेलं कडवं पुन्हा सुरुवातीपासून धरलं होतं, आणि ते ढेकूळ जसंच्या तसं होतं. ती दाबत राहिली.